काहीच होत नसताना गायनॅककडे जायचं का?

सोनटक्का
बरेच दिवस हे डोक्यात आहे, इथे बायका मोकळेपणी बोलतात म्हणून विचारतेय. वय ४३, राहणार डोंबिवली, नोकरी सीएसटीजवळ. धाकटी आता पंधरा वर्षांची आहे आणि तिच्या वेळचे टाके सुकले का ते दाखवायला गेले होते तेच शेवटचं, त्यानंतर गायनॅकचा जिना चढलेले नाही. पाळी कधी तीन दिवस लवकर कधी चार दिवस उशिरा, पण त्रास म्हणावा असं काही नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सेक्शनमधल्या एकीला (४६) गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. दोन पाळ्यांच्या मध्ये थोडं थोडं अंगावरून जात होतं, ती दीड वर्ष "जायची वेळ आली असेल" म्हणून काढत राहिली. आणि खरं सांगायचं तर लेडीज डब्यात तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं, मीसुद्धा, अगं होतं असं, माझ्या बहिणीलाही झालेलं. ते आता रात्री आठवतं.

तर त्रास नसताना जायचं का? गेले तर काय सांगायचं, "काही झालं नाही, सहज आले" असं? काय तपासतात, दुखतं का? आणि घरी काय सांगायचं, कारण आमच्या सासूबाईंना गायनॅक या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे.

अबोली_क
माझंही तेच. वय ३९, शेवटची भेट २०१४. वाचतेय.

मिरचीचा ठेचा
आमच्याकडे पाण्याच्या फिल्टरवाला दर तीन महिन्यांनी न बोलावता येतो, काड्या बदलतो, सही घेतो, जातो. तसं कोणी घरी येत असेल तर सांगा, मी लगेच नाव देते.

लीड्सची माई
ठेचा, इथे इंग्लंडात जवळजवळ तसंच आहे, माणूस येत नाही पण पत्र येतं. पंचविशी गाठली की गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी घरी लिफाफा. पहिलं पत्र मी बँकेचं समजून ड्रॉवरमध्ये टाकलं, दुसरं आलं तेही टाकलं, तिसऱ्याला नवऱ्याने विचारलं की हे लोक तुला एवढं का लिहितात. मग गेले. डॉक्टरही नसते, नर्स करते, पाच मिनिटं लागतात. पंचवीस ते चौसष्टपर्यंत बोलावतात, आधी पन्नाशीपर्यंत दर तीन वर्षांनी असायचं, आता २०२५ च्या जुलैपासून एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) निगेटिव्ह असेल तर पाच वर्षांनी.

दुखतं का: मला नाही दुखलं, विचित्र वाटतं एवढं नक्की. नर्सने आधी विचारलं, तपासायचं उपकरण लहान साइजचं वापरू का, तुम्हाला कधी थांबायचं असेल तर सांगा. भारतात दोन बाळंतपणं झाली, थांबायचं का हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं.

विसूभाऊ
मंडळी, राग मानू नका. आमची आई ९१ वर्षं जगली, सात बाळंतपणं घरात, दवाखान्याची पायरी चढली नाही. हल्ली काही नसलं तरी काहीतरी शोधून काढतात. धडधाकट माणसाला तपासणीच्या नावाखाली आत घ्यायचं आणि पेशंट करून बाहेर सोडायचं, हे हॉस्पिटलांचे धंदे आहेत. बाकी चालू द्या.

झाडाखालची
विसूभाऊ काका, तुमच्या आई ९१ जगल्या, छानच. माझी आजीची धाकटी बहीण बावन्नाव्या वर्षी गेली. घरात सांगताना "तिला अंगावरून जायचं" एवढंच सांगतात, आवाज खाली करून. त्याला नाव नव्हतं, रिपोर्ट नव्हता. तिला वेगळी खोली दिली होती कारण वास यायचा. प्रत्येक घरात अशी एक आजी किंवा आत्या असते जिच्याबद्दल पूर्ण वाक्य कोणी बोलत नाही, ती तुमच्या हिशोबात धरलेली नाही.

मिरचीचा ठेचा
+१. (नेहमी फाजीलपणा करते, आज नाही.)

टाकेवाली
मी नाशिकला प्रॅक्टिस करते, स्त्रीरोगतज्ज्ञ, २२ वर्षं झाली. आयडी भरतकामावरून घेतलाय पण लोक दुसराच अर्थ काढतात, तोही बरोबर आहे.

सोनटक्का, "सहज आले" असंच म्हणायचं. माझ्याकडे असं म्हणून येणाऱ्या महिन्याला दोन-तीनच असतात आणि मला त्या फार आवडतात. बाकीच्या येतात त्या दुखणं पिकवूनच.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं एक बरं आहे, तो एका रात्रीत होत नाही. बहुतेक सगळे केसेस एचपीव्ही या विषाणूच्या चिवट संसर्गाने होतात, त्यातल्या १६ आणि १८ या दोन प्रकारांनीच सुमारे ७० टक्के. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेकींना आयुष्यात कधीतरी होतो आणि दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात राहतो त्यांच्यातल्या काहींच्या पेशी बदलायला लागतात, आणि त्यातून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त जातात. म्हणजे पकडायला दहा वर्षं हातात असतात, आणि त्या दहा वर्षांत दुखत नाही, खुपत नाही, काही जात नाही. काही होत नसतानाच जायचं ते यासाठी. जायला लागल्यावर येणं म्हणजे ती दहा वर्षं बहुधा वाया गेलेली असतात.

पॅप म्हणजे मुखावरच्या पेशी ब्रशने अलगद खरवडून काचेवर किंवा द्रावात घेऊन बघणं. एचपीव्ही टेस्टला नमुना जवळपास तसाच, पण विषाणू आहे का ते बघतात. तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट परवडत असेल तर ती पाच वर्षांनी, नाहीतर पॅप तीन वर्षांनी. दरवर्षी लागत नाही. पाळी चालू असताना येऊ नका, आणि आधीचे दोन दिवस संबंध, आतली क्रीम किंवा गोळी टाळा, इतकीच तयारी. बाकी स्तन तपासणं, बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, वाटलं तर थायरॉईड. सोनोग्राफी सरसकट लागत नाही.

विसूभाऊ, तुमचं अर्धं मला मान्य आहे. धडधाकट बाईला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए १२५ ची रक्ततपासणी सर्रास करतात, तिने जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही, उलट आकडा जरा वर गेला की घर हादरतं आणि नको ती ऑपरेशनं होतात. तिथे रागवा, मीही तुमच्या बाजूने येते.

एडिसनकर
अमेरिकेत आम्ही दरवर्षी जातो ना, इन्शुरन्समध्ये वर्षाची एक भेट फुकट असते. मग पॅप तीन वर्षांनी कशी?

टाकेवाली
भेट दरवर्षी असू शकते, पॅप दरवर्षी नाही. तुमच्याकडेही २१ ते २९ तीन वर्षांनी पॅप, तीस ते पासष्ट पॅप तीन किंवा एचपीव्ही पाच वर्षांनी असंच आहे. मागचे रिपोर्ट काढून बघा.

एडिसनकर
बघितले. खरंच की. मी एवढी वर्षं दर वेळी पॅप झाली असंच धरून चालले होते, नुसतं तपासून सोडत होते.

निवडुंग
हे सगळं लग्न झालेल्यांचं चाललंय. माझं वय ३४, पुणे, लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. दोन वर्षांपूर्वी स्वतःहून पॅप करायला एका मोठ्या दवाखान्यात गेले. रिसेप्शनवर फॉर्म भरताना त्या बाईने सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं विचारलं, "मिसेस का मिस?" मिस म्हटल्यावर समोरच्या दोन आज्यांनी माना वळवून पाहिलं. आत डॉक्टरांनी विचारलं, लग्न झालंय का? नाही म्हटलं. मग म्हणाल्या, मग पॅपची गरज नाही, लग्नानंतर या. मी गप्प बसले, फी भरली आणि घरी आले. बोलायला हवं होतं हे कळतं, पण टेबलापाशी ते जमत नाही. तेव्हापासून गेलेली नाही.

खडू_फळा
निवडुंग, वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टर तरी काय करणार, आपल्याकडे सरळ विचारलं तर लोक तक्रार करतील.

निवडुंग
सर, लग्नाची पत्रिका विषाणूला दाखवावी लागत नाही.

टाकेवाली
निवडुंगची बाजू पूर्ण बरोबर आहे. "लग्न झालंय का" हा आमच्या धंद्यातला पडदा आहे, विचारायचं असतं शरीरसंबंध आले आहेत का, आणि विचारतो भलतंच. मीही पहिली दहा वर्षं तेच विचारायचे. मग एकदा एक मुलगी "नाही" म्हणाली, मी पुढचं विचारलंच नाही, आणि तिचं निदान चार महिने लांबलं. आता सोबत कोण आलं असेल त्याला बाहेर बसवते आणि सरळ विचारते, आणि हेही सांगते की हे या खोलीतच राहील. बायका उत्तर देतात, संकोच आपल्यालाच जास्त असतो.

निवडुंग, जाताना दोन वाक्यं तयार ठेव: "मला पॅप करायची आहे, मी सेक्शुअली ॲक्टिव्ह आहे." एवढं पुरतं. तरी कोणी लग्नावर आलं तर उठून दुसरीकडे जा, फी गेली तर जाऊ दे. आणि संबंध कधीच आले नसतील त्यांना धोका फारच कमी, त्यांना आतून तपासणीची घाई नाही, हेही सांगून ठेवते.

ऑस्ट्रेलियन_कैरी
मेलबर्नला २०२२ पासून आपला नमुना आपणच घेता येतो, दवाखान्याच्या बाथरूममध्ये, कानातल्या कापसाच्या काडीसारखी लांब काडी असते. पाच वर्षांनी एकदा. आतून तपासून घ्यायला ज्यांचं मनच धजत नाही त्यांना हे फार सोपं जातं. भारतात येतंय का हे?

टाकेवाली
काही लॅब आणि दवाखाने देतात. एचपीव्हीसाठीच चालतं, पॅपसाठी नाही. पॉझिटिव्ह आलं तर मात्र टेबलावर यावंच लागतं.

मिरचीचा ठेचा
अवांतर: माझ्या सासूबाई याला "पाप टेस्ट" म्हणतात. "सुनबाई, तुझं पाप झालं का करून?" असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलं होतं.

अबोली_क
ऑफिसात मोठ्याने हसले, बॉस बघतोय.

तेरणाकाठ
नमस्कार, मी धाराशिव जिल्ह्यात आरोग्य केंद्रावर नर्स आहे. शहरातल्या ताई पॅप-पॅप म्हणतात, आमच्याकडं व्हीआयए असतंय. तीस वर्षांवरच्या बाईला पाच वर्षांनी एकदा, फुकट. मुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, बघायचं. पेशी बदलल्या असतील तिथं पांढरा डाग उठतो. मशीन नाही, लॅब नाही, तिथल्या तिथं कळतंय. डाग असेल तर पुढं पाठवायचं.

पण बायका येतच नाहीत. कागदावर फुकट आहे, प्रत्यक्षात बाईला अर्धी रोजंदारी सोडून यावं लागतंय. आली की पहिला प्रश्न, "मला काय झालंय म्हणून बोलावलं?" काही झालं नाही म्हटलं की म्हणती, मग कशाला. पडद्यामागं साडी वर घ्यायची वेळ आली की निम्म्या उठून जातात. आशाताई ओळखीची असली तर थांबतात, म्हणून मी आशाताईला आत उभं करते, ती तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत बसती तोवर माझं काम होतंय.

मिरचीचा ठेचा
ॲसेटिक ॲसिड म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर??

तेरणाकाठ
तेच, आमचं ३ ते ५ टक्क्यांचं आणि स्वच्छ असतंय. जरा चुरचुरतं. गाडीवरचं वापरू नका ताई.

खडू_फळा
पण नर्सने डोळ्याने बघून कॅन्सर कळतो हे पटायला जड जातं. यावर काही अभ्यास झालाय का?

टाकेवाली
झालाय, आणि दोन्ही मोठे अभ्यास आपल्याच राज्यातले आहेत. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन काम केलं, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए करून घेतली. २०१३ मध्ये निकाल आला, या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरा तेरणाकाठच्याच जिल्ह्यातला, तेव्हाचा उस्मानाबाद. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांवर बायका. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गावांमध्ये आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, २००९ मध्ये छापून आलं. गंमत म्हणजे तिथे एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. म्हणून मी म्हणते, व्हीआयए करत असाल तर ती पुन्हा पुन्हा करा, एकदा झाली आणि सुटलो असं नाही. जगभर एचपीव्ही टेस्टच्या चर्चेत या आपल्या खेड्यांतल्या बायकांचे आकडे सांगतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

तेरणाकाठ
माझी सासू होती त्या तपासणीत. तिला आजपण माहीत नाही काय केलं होतं, "त्या जीपवाल्या बाया आल्या होत्या" एवढंच आठवतंय.

झाडाखालची
तुमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काय? बीडचं मध्ये खूप गाजलं होतं.

तेरणाकाठ
त्यावर बोलायला नको वाटतंय पण बोलते. २०१९ ला बीडमध्ये पाहणी झाली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांत १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळीत कोयता बंद पडला की दंड, फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून पांढरं जातंय म्हणून खासगीत गेलं की "पिशवी खराब झाली, उद्या कॅन्सर होईल". कॅन्सरची भीती घालून काढतात. वेळेवर व्हीआयए झाली असती, जंतुसंसर्गाला गोळ्या मिळाल्या असत्या, तर कितीतरी जणींची पिशवी आणि उचलीतले पैसे दोन्ही राहिले असते. म्हणून विसूभाऊंसारखे कोणी बोलले की मला राग येत नाही, आमच्याकडं लोकांनी खरंच धंदा बघितलाय.

विसूभाऊ
ताई, हे मला माहीत नव्हतं. मी मुंबईच्या पंचतारांकित हॉस्पिटलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं.

अबोली_क
माझ्या आईची पिशवी काढलीय, मग तिला तपासणी नको ना?

टाकेवाली
मुखासकट काढली असेल आणि कारण साध्या गाठींचं असेल, आधी पेशींचा दोष निघाला नसेल, तर नको. काही ऑपरेशनांत मुख ठेवतात, मग लागते. डिस्चार्ज कार्ड शोधा, बहुतेक घरांत ते कपाटातल्या साड्यांखाली सापडतं.

खडू_फळा
माझी आई ६६, पाळी जाऊन बारा वर्षं झाली. मध्यंतरी तिला पुन्हा डाग दिसला, तिने पाच महिने सांगितलं नाही. बायकोला धुण्यात कळलं. आई म्हणाली, पाळी परत आली असेल, मुलाला काय सांगायचं. तपासलं, पॉलिप निघाला, साधाच होता, काढून टाकला. पण ते दहा दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. मुलगा म्हणून मला वाटतं की आम्ही घरात हा विषयच इतका बंद ठेवतो की आईला लपवावं लागतं.

टाकेवाली
सर, हे ठळक अक्षरात वाचावं सगळ्यांनी: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचंच. पाळी परत येत नसते. बहुतेक वेळा साधंच निघतं, पण घरी बसून ते ठरवता येत नाही.

लीड्सची माई
मुलींच्या एचपीव्ही लशीबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्या लेकीला शाळेतच दिली, वय बारा, आणि मुलांनाही देतात.

सोनटक्का
हो, धाकटी पंधराची आहे, आता उशीर झाला का?

टाकेवाली
नाही. ९ ते १४ मध्ये उत्तम, तेव्हा दोन डोस पुरतात, पंधरापासून पुढे तीन देतात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आहे, १६ आणि १८ दोन्ही त्यात येतात. फक्त लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही.

अबोली_क
माझ्या ऑफिसने महिला दिनाला "वेलनेस पॅकेज" दिलं होतं, ६४ तपासण्या, व्हिटॅमिन डी, बी१२, हे ते, सोबत गुलाब. आता यादी काढून बघितली, पॅप त्यात नाहीच. चौसष्ट कला, तीच नेमकी राहिली.

सोनटक्का
तीन आठवड्यांनी परत येतेय. गेले.

सासूबाईंना सांगितलं, "हिमोग्लोबिन बघून येते", ते खोटंही नव्हतं. डॉक्टर साठीच्या, मी "सहज आले" म्हणाले तर त्यांनी पेन खाली ठेवून बघितलं माझ्याकडे आणि म्हणाल्या, बसा. वीस मिनिटं नुसतं बोलल्या. पाळीला किती पॅड लागतात हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, मी दिवसाला सात म्हटलं, मला ते नॉर्मल वाटत होतं. टेबलावर दोन मिनिटं. दुखलं नाही, थंड लागलं आणि मी छताच्या पंख्यावरची धूळ बघत राहिले. स्तन तपासले, घरी कसं बघायचं ते दाखवलं.

पॅप आणि एचपीव्ही दोन्ही निगेटिव्ह. पण हिमोग्लोबिन ८.९ निघालं आणि सोनोग्राफीत गाठ आहे, साधी, पाच सेंटिमीटरची, तिच्यामुळेच जास्त जायचं. म्हणजे मी "काही त्रास नाही" असं वर लिहिलंय ना, ते खोटंच होतं, मला माहीत नव्हतं एवढंच. लोकलचे जिने चढताना दम लागायचा तो मी वयावर ढकलत होते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

आणि हो, वेटिंगमध्ये आमच्या विंगमधल्या काकू भेटल्या. संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवर मला या वयात दिवस गेले होते.

सेक्शनमधल्या मैत्रिणीच्या रेडिएशनचे पंचवीस पैकी एकोणीस दिवस झाले. शनिवारी डबा घेऊन जाते तिच्याकडे. डब्यातल्या सहा जणी मिळून पुढच्या आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे जाणार आहोत, त्यांनी एकदम आलात तर फी कमी करते म्हटलंय.

मिरचीचा ठेचा
तीन मजले म्हणजे काकूंचं नेटवर्क जोरात आहे. बारशाला बोलवा.

निवडुंग
सोनटक्का, गाठ कळली हे बरं झालं. मी सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. दोन्ही वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवलीत.

विसूभाऊ
हा धागा सौ.ला वाचून दाखवला आणि म्हटलं, तुम्हीही एकदा जाऊन या. ती म्हणाली, २०१६ पासून दर तीन वर्षांनी जाते, शेजारच्या वहिनींबरोबर. मी विचारलं मला कसं माहीत नाही. म्हणाली, तुम्ही "धंदे" म्हणून व्याख्यान दिलं असतं.

अबोली_क
काका, काकूंना साष्टांग.

कृष्णाकाठची
नवीन आहे इथे. कोल्हापुरात कोणी चांगल्या लेडी डॉक्टर सुचवाल का, राजारामपुरीच्या आसपास? लग्न झालंय का न विचारणाऱ्या.

झाडाखालची
व्यक्तिगत निरोप पाठवलाय.